खेडचा एक आणि बाकीचे सगळे

संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेची एक यादी आहे. अल-कायदाशी आणि तिच्याशी जोडलेल्या जाळ्याशी संबंध असलेल्या माणसांची. या यादीतल्या 135 क्रमांकाच्या नोंदीत जन्मस्थळाच्या रकान्यात लिहिलं आहे: 'खेर, रत्नागिरी, महाराष्ट्र'. खेर नावाचं तालुक्याचं गाव रत्नागिरी जिल्ह्यात शोधू नका, सापडणार नाही. ते आपलं खेड. रोमन लिपीत कुणीतरी 'ड' ऐवजी 'र' लिहिला आणि तो जगभर तसाच छापला गेला. जन्मतारीख 26 डिसेंबर 1955. नाव दाऊद इब्राहिम कासकर. मूळ गाव खेड तालुक्यातलं मुंबके. अमेरिकेच्या अर्थखात्याने त्याला 16 ऑक्टोबर 2003 रोजी जागतिक दहशतवादी ठरवलं, आणि त्यानंतर अवघ्या काही दिवसांत, 3 नोव्हेंबर 2003 रोजी, तो संयुक्त राष्ट्रांच्या यादीत गेला. नोंदीत त्याच्या नावाची डझनावारी रूपं आहेत. दाऊदची स्पेलिंगं तर आहेतच, पण शेख दाऊद हसन आहे, अब्दुल हमीद अब्दुल अझीझ आहे, अझीझ दिलीपसुद्धा आहे.

ही यादी जगातल्या जवळजवळ प्रत्येक बँकेच्या संगणकात असते. दापोलीचा एखादा मुलगा शारजाहून आईच्या खात्यावर पैसे पाठवतो, तेव्हा त्याचं नाव, आडनाव, कधी गावही या यादीशी ताडून पाहिलं जातं. यंत्राला माणूस दिसत नाही, अक्षरं दिसतात. कोकणी मुसलमानांची आडनावं हिंदूंसारखीच गावावरून पडलेली, 'कर' लावलेली. नाव, वडिलांचं नाव, आडनाव अशी आपली पद्धत. त्यातलं दाऊद, इब्राहिम, अझीझ, हसन यांपैकी काय वेगळं आहे? गावोगावी हीच नावं आहेत. म्हणून रत्नागिरी जिल्ह्यात मनी लाँडरिंगविरोधी धोरण लिहायला बसणाऱ्याच्या अंगावर दुहेरी जबाबदारी येते. खरा गुन्हेगार सुटता कामा नये, आणि त्याच्या नावासारखं नाव असलेला कष्टकरी माणूस अडकता कामा नये. मी या दोन्ही गोष्टींना सारखंच महत्त्व देतो. सुक्याबरोबर ओलं जळू देणारं धोरण हे वाईट धोरण.

आधी पैसा कोणत्या वाटेने येतो ते पाहू. कोकण मनिऑर्डरवर जगतं, असं अनेक पिढ्या म्हटलं गेलं. गिरणगावातला माणूस महिन्याच्या पगारातून गावी पैसे पाठवायचा, पोस्टमन ते मोजून घरी द्यायचा, आई पावतीवर अंगठा उठवायची. पुढे आखात उघडलं. कुवेत, दुबई, मस्कत, बहारीन. पगार वाढला आणि अंतरही वाढलं. बँक दूर, ड्राफ्ट वटायला आठवडे, सरकारी दर कमी. या फटीत हवाला शिरला. त्याची रीत साधी होती. दुबईत एका दुकानात दिरहम द्यायचे, तिथून चिपळुणात निरोप यायचा, आणि इथला माणूस घरपोच रुपये द्यायचा. ओळख पटवायला बऱ्याचदा एखाद्या नोटेचा नंबर पुरायचा. समुद्र ओलांडून एक रुपयाही येत नव्हता. दोन्हीकडचे हिशेब सोन्यात, मालात किंवा उलट दिशेच्या पैशात मिटायचे.

त्यातला बराचसा पैसा घामाचा होता, हे विसरू नये. पण ज्या नळातून आईच्या औषधाचे पैसे येतात, त्याच नळातून चोरट्या सोन्याचेही येतात, आणि बाहेरून पाहणाऱ्याला दोन्हींत काही फरक दिसत नाही. हवाल्याचा खरा दोष हाच. चोरट्या मालाच्या वाटेने पुढे स्फोटकंही आली: फेब्रुवारी 1993 मध्ये बाणकोटच्या खाडीपलीकडे, रायगड जिल्ह्यातल्या शेखाडीच्या किनाऱ्यावर आरडीएक्स उतरलं. 12 मार्चला मुंबईत स्फोट झाले आणि 257 माणसं मेली. माल उतरू द्यायला पैसे खाल्ल्याबद्दल कस्टम आणि पोलीस खात्यातल्या माणसांना पुढे दहशतवादविरोधी टाडा न्यायालयाने दोषी ठरवलं. नियम तेव्हाही होते. ते पाळायची जबाबदारी ज्यांच्यावर होती, त्यांनीच ते विकले.

मनी लाँडरिंगचा स्वतंत्र कायदा मात्र तेव्हा नव्हता. तस्करांची मालमत्ता जप्त करणारा 1976 चा साफेमा होता. मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायदा, म्हणजे पीएमएलए, 2002 मध्ये झाला आणि 1 जुलै 2005 पासून लागू झाला. संशयास्पद व्यवहारांची माहिती गोळा करणारी फायनान्शियल इंटेलिजन्स युनिट ही केंद्र सरकारची यंत्रणा त्याआधी, नोव्हेंबर 2004 मध्ये उभी राहिली. सुरुवातीला सगळ्यांना वाटलं, हे बँकांचं काम. पण काळा पैसा बँकेच्या दारात अडला की तो सोनाराकडे आणि जमिनीकडे वळतो. म्हणून 28 डिसेंबर 2020 च्या अधिसूचनांनी सराफ आणि स्थावर मालमत्तेचे एजंट या कायद्याखाली आणले. सराफाने एका ग्राहकाशी एका वेळी किंवा एकमेकांशी जोडलेल्या व्यवहारांत मिळून 10 लाख रुपये किंवा त्याहून जास्त रोखीचा व्यवहार केला तर. एजंटाची वर्षाची उलाढाल 20 लाख किंवा त्याहून जास्त असेल तर. 3 मे 2023 पासून अशिलासाठी जमीन, बँक खातं किंवा कंपनी हाताळणारे चार्टर्ड अकाउंटंट आणि कंपनी सेक्रेटरीही आले.

सराफांच्या पेढीवर इथे एक प्रश्न हमखास निघतो: आयकर कायद्याने एप्रिल 2017 पासून 2 लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणंच बंद केलंय, मग हे 10 लाख कुठून आले? दोन कायदे वेगळे आहेत. एक रोख घेऊ नका म्हणतो. दुसरा म्हणतो, घेतलीच असेल तर आम्हाला कळवा. दुसऱ्याला कळवलं म्हणून पहिल्याचा दंड माफ होत नाही. आणि एकाच माणसाने एकाच खरेदीसाठी तुकडे पाडून आणलेली रोख, आज बायकोच्या नावाने, परवा मेहुण्याच्या नावाने, ही दोन्ही कायद्यांच्या नजरेत एकच रोख आहे.

आता धोरण. बहुतेक ठिकाणी ते तयार मिळतं. कुणाचं तरी घ्यायचं, नाव बदलायचं, सही करून कपाटात ठेवायचं. असं धोरण ओळखायला वेळ लागत नाही: गावातल्या सोनाराच्या धोरणात परदेशी बँकांशी असलेल्या करस्पॉन्डंट संबंधांचं पान निघालं, की ते उसनं आहे. असला कागद नसलेला बरा, कारण मालकाला वाटतं, काम झालं.

स्वतःचं धोरण लिहायचं तर पहिलं पान आपल्या नेहमीच्या व्यवहारांचं असावं. या पानावर मी सर्वात जास्त वेळ घालवायला सांगेन. आपल्याकडे रोख कधी येते? मिरकरवाड्याच्या बंदरावर मासळीचा लिलाव होतो तिथे रोख चालते, आणि ती खरी असते. आंब्याच्या बागायतदाराला दलालाकडून हंगामाआधी उचल मिळते आणि मे अखेर पट्टीत वळती होते, तीही खरी. गणपतीला चाकरमानी येतात, मे महिन्यात लग्नं असतात, बोटीवरचा माणूस आठ-नऊ महिन्यांनी उतरला की थेट सोनं घेतो. हे सगळं लिहून काढा. कोणता ग्राहक, कोणत्या महिन्यात, साधारण किती, कशाच्या कमाईतून. नेहमीचं काय हे कागदावर असेल, तरच वेगळं काय ते दिसतं. जुलैच्या भर पावसात, ओळखदेख नसलेला माणूस येतो, दागिन्याकडे न बघता वजनाचं बिस्कीट मागतो, घडणावळीवर चकार शब्द काढत नाही आणि पॅन कार्ड मागितल्यावर रक्कम 2 लाखांच्या आत आणतो. मे महिन्यातल्या नवरीच्या बापाशेजारी त्याला उभा करा. धोरण नावाची गोष्ट या फरकात आहे.

दुसरं पान माणसाच्या ओळखीचं. आधारची प्रत घेतली म्हणजे ओळख झाली, असा गैरसमज सगळीकडे आहे. कोकणातली जमीन घ्या. सातबाऱ्यावर चौदा सामायिक नावं, त्यातले सहा मुंबईत, दोन परदेशात, एक वारलेला पण नाव कमी न झालेला. विकणारा येतो कुलमुखत्यारपत्र घेऊन. घेणारी एक खाजगी कंपनी, तिचा संचालक सत्तावीस वर्षांचा, आणि साठेखताच्या वेळी इसाऱ्याचा धनादेश तिसऱ्याच फर्मचा. कागद सगळे बरोबर असतील, पण एजंटाने विचारायचा प्रश्न एकच: जमीन कुणाच्या पैशाने आणि कुणाच्या उपभोगासाठी घेतली जातेय? कायद्याच्या भाषेत हा बेनिफिशियल ओनर, म्हणजे पडद्यामागचा खरा मालक. 2023 मध्ये नियम कडक झाले. पूर्वी कंपनीत 25 टक्क्यांवर मालकी असलेल्यालाच शोधावं लागे, आता 10 टक्क्यांपर्यंत खाली जावं लागतं. भागीदारी फर्मलाही आता तीच मर्यादा आहे. नाव मिळालं नाही तर व्यवहार करायचा नाही. दलाली बुडेल. ती बुडू द्यायची तयारी असल्याचं मालकाने धोरणात स्वतःच्या सहीने लिहावं; नाहीतर ऑफिसातला पोरगा नाही कसं म्हणणार?

किमतीबद्दलही एक गोष्ट इथेच सांगायला हवी, आणि ती मुंबक्याचीच आहे. साफेमाखाली जप्त झालेल्या दाऊदच्या कुटुंबाच्या मालमत्तांचा लिलाव 2020 मध्ये झाला, आणि राहिलेल्या चार जमिनींचा 5 जानेवारी 2024 रोजी. त्यातला एक तुकडा 170.98 चौरस मीटरचा. राखीव किंमत 15,440 रुपये. बोली गेली 2 कोटी 1 लाखावर. दुसऱ्या, 1,730 चौरस मीटरच्या तुकड्याला 3.28 लाख आले. उरलेल्या दोन तुकड्यांना बोलीच आली नाही. पहिल्याची बोली लावणाऱ्याने आपलं कारण उघड सांगितलं होतं, सर्व्हे नंबर अंकशास्त्राने जुळतो म्हणून. मी हे उदाहरण संशय घ्यायला देत नाही. लिलाव सरकारी होता, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत झाला. मुद्दा असा की किंमत आणि मोल यांच्यात एवढं अंतर दिसलं की ते गुन्ह्याचा पुरावा ठरत नाही. तो एक प्रश्न ठरतो. प्रश्न विचारायचा, उत्तर तारखेसह लिहून ठेवायचं. उत्तर पटलं तर पुढे जायचं. पटलं नाही तर फायनान्शियल इंटेलिजन्स युनिटला कळवायचं, आणि कळवल्याचं ग्राहकाला चुकूनही सांगायचं नाही. सांगणं हा नियमभंग आहे. सरकारकडे रिपोर्ट गेला म्हणून कुणी गुन्हेगार होत नाही, हे मालकाने नोकरांना समजावून सांगितलं तर त्यांचा हात थरथरत नाही.

निर्यातदाराची गोष्ट वेगळी. समजा रत्नागिरीतला एक आंबा निर्यातदार आहे. एप्रिलचा माल, दुबईच्या एका व्यापाऱ्याला. इनव्हॉइस त्या व्यापाऱ्याच्या नावाने, एअरवे बिलवर मालाचं ठिकाण दुबई. मालाचे पैसे मात्र येतात हाँगकाँगच्या एका कंपनीकडून, आणि इनव्हॉइसपेक्षा तीन लाखांनी जास्त. दोन दिवसांनी व्यापाऱ्याचा फोन: चुकून जास्त आले, वरचे तीन लाख सुरतेच्या अमुक खात्यात वळते करा. इथे निर्यातदाराच्या हातून नकळत धुलाई होऊ शकते. त्याच्या खात्यातून निघालेले तीन लाख रत्नागिरीच्या हापूसचे पैसे म्हणून सुरतेत पोचतील, आणि हापूसचं नाव चांगलं असल्याने कुणी विचारणार नाही. ज्याने माल घेतला त्यानेच पैसे द्यायचे, जास्त आलेले पैसे जिथून आले तिथेच परत जायचे, आणि तेही बँकेमार्फत. हा नियम धोरणात जाड अक्षरात असावा. पेटीत किती डझन, कोणत्या वजनाचे, कोणत्या दराने, हेही इनव्हॉइसवर खरं हवं. दर फुगवून किंवा दाबून सीमेपार पैसा सरकवणं हा मनी लाँडरिंगचा जुना मार्ग आहे.

निर्बंधांच्या याद्यांबाबत आपल्याकडे मोठा गोंधळ आहे, तो इथे दूर करतो. भारताला कायद्याने बंधनकारक आहेत त्या संयुक्त राष्ट्रांच्या याद्या, आणि आपल्याच गृह मंत्रालयाच्या. यूएपीए, म्हणजे बेकायदेशीर कृत्यं प्रतिबंधक कायद्याच्या कलम 51अ प्रमाणे त्यांतल्या माणसाची मालमत्ता गोठवली जाते. दाऊदला भारतानेही 4 सप्टेंबर 2019 रोजी, व्यक्तींना दहशतवादी घोषित करण्याची तरतूद आल्यावर, या कायद्याखाली घोषित केलं. अमेरिकेचे निर्बंध हा आपला कायदा नाही. पण डॉलरमधला व्यवहार न्यूयॉर्कच्या बँकेतून जातो, आणि तिथे अमेरिकेची यादी लागू होते. त्यांच्या यादीतल्या माणसाची कंपनीत 50 टक्के किंवा त्याहून जास्त मालकी असेल, तर कंपनीचं नाव यादीत नसलं तरी व्यवहार अडतो. युरोपीय संघानेही 18 जुलै 2025 रोजी गुजरातच्या वाडिनारची रिफायनरी, रशियन तेल कंपनी रोझनेफ्टच्या भागीदारीमुळे, आपल्या यादीत घातली. म्हणून निर्यातदाराने खरेदीदाराबरोबर त्याचा मालक, माल नेणारं जहाज आणि पैसे पाठवणारी बँक या तिन्हींचीही नावं ताडावी. जहाजाचं नाव बदलतं. त्याचा सात अंकी आयएमओ क्रमांक बदलत नाही. बोटीवर जाणाऱ्या आपल्या मुलांनीही करारावर सही करण्याआधी तो क्रमांक शोधून पाहावा. निर्बंध लागलेल्या जहाजावर पगार अडकला की तो सोडवायला कुणी येत नाही.

आता पुन्हा त्या शारजाच्या मुलाकडे. संगणकावर नाव जुळलं तर पुढे काय? इथे बँकेतला किंवा पेढीवरचा माणूस घाबरतो आणि खातं थांबवून मोकळा होतो. तसं करू नये. नाव जुळणं हा पहिला टप्पा आहे. मग जन्मतारीख पाहायची, वडिलांचं आणि आईचं नाव, पासपोर्ट क्रमांक, जन्मगाव, फोटो. यादीतला माणूस 1955 सालचा. समोरचा 1998 सालचा असेल तर विषय तिथेच संपतो. फक्त का संपला ते एका ओळीत लिहून सही करायची, म्हणजे पुढच्या महिन्यात तोच मुलगा पुन्हा अडकत नाही. खरंच सगळं जुळलं, तर मात्र उशीर चालत नाही: व्यवहार थांबवायचा आणि 24 तासांच्या आत गृह मंत्रालयाच्या नोडल अधिकाऱ्याला कळवायचं. कायद्याने चुकून अडकलेल्यासाठीही वाट ठेवली आहे, आणि ती फारशी कुणाला माहीत नसते. त्याने पुराव्यासह अर्ज द्यायचा, बँकेने तो दोन कामकाजाच्या दिवसांत पुढे पाठवायचा आणि नोडल अधिकाऱ्याने पंधरा कामकाजाच्या दिवसांत निर्णय द्यायचा. तुमच्या धोरणात या अर्जाचा नमुना मराठीत जोडलेला असावा.

उरलेलं थोडक्यात. फायनान्शियल इंटेलिजन्स युनिटला माहिती कळवायची जबाबदारी असलेला एक प्रिन्सिपल ऑफिसर नेमा, आणि तो असा असावा की मालकाला नाही म्हणू शकेल. कागद पाच वर्षं ठेवा; ग्राहकाच्या ओळखीचे कागद त्याच्याशी संबंध संपल्यावर आणखी पाच वर्षं. सराफाने 10 लाखांच्या रोखीची माहिती पुढच्या महिन्याच्या 15 तारखेच्या आत द्यायची. वर्षातून एकदा बाहेरच्या माणसाकडून सगळं तपासून घ्या. आणि नोकरांना शिकवताना पुस्तकातली नको, आपल्याच पेढीवरची उदाहरणं द्या.

हे सगळं वाचून तुम्ही उद्या पेढीवर, बँकेत किंवा ऑफिसात बसाल, तेव्हा एक काम लगेच करता येईल. ग्राहकाच्या नोंदीचा जुना छापील अर्ज बाहेर काढा. त्यात जन्मतारीख, जन्मगाव आणि वडिलांचं पूर्ण नाव यांचे रकाने आहेत का ते पाहा. नसतील तर घाला, असतील तर एकही रिकामा सोडू नका, आणि गावाचं नाव रोमन लिपीत लिहिताना खेडचं खेर होऊ देऊ नका. दापोलीतल्या त्या आईचे पैसे याच रकान्यांवर अडतात आणि याच रकान्यांवर सुटतात.